विषारी मशरूम आणि दत्तक वारस

जून १९८६ मध्ये जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ बाजारात आला. पहिला गेम सप्टेंबर १९८५ चा, म्हणजे मध्ये जेमतेम नऊ महिने गेले होते. गेम सुरू केला की तेच निळं आकाश, त्याच तपकिरी विटा, कोजी कोंदोची तीच धून. सगळं ओळखीचं. आणि पहिल्याच लेव्हलमध्ये, नीट बूड टेकायच्या आत, एका डब्यातून मशरूम बाहेर येतं. पहिला गेम खेळलेला माणूस सवयीने धावत जाऊन ते घेतो आणि मरतो.

ते मशरूम विषारी असतं. पहिल्या गेममध्ये असलं काही नव्हतंच.

सिक्वेल आला की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो: पहिल्याच्या तोडीचा आहे का? सिनेमाबद्दल विचारतो, वेब सिरीजच्या दुसऱ्या सीझनबद्दल विचारतो, गेमबद्दल तर हमखास. उत्तरं ठरलेली असतात. ग्राफिक्स भारी आहेत, स्टोरी कमी पडली, खूप अवघड केलाय, तोच तोच आहे. पण ‘तोडीचा’ म्हणजे नक्की कशाच्या तोडीचा, हे आपण ठरवलेलं नसतं. सिक्वेल पहिल्या गेमचं काहीतरी देणं लागतो असं आपण धरून चालतो. ते देणं काय आहे? आणि ते कुणाचं आहे, पहिल्या गेमचं, त्याच्या नावाचं, की तो खेळलेल्या माणसाचं? मला हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटत नाही. तो नीतीचा वाटतो, आणि विचार करायला मारिओइतकं चांगलं प्रकरण दुसरं सापडलेलं नाही. कारण मारिओला दोन ‘दुसरे भाग’ आहेत. एक औरस आणि एक दत्तक.

आधी पहिल्याबद्दल. तो पूर्ण गेम ४० किलोबाइटचा आहे. व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही बहुतेक वेळा याहून जड असतो. जागा इतकी कमी की ढग आणि झुडपं ही एकच आकृती आहे. वर पांढरी, खाली हिरवी. एवढ्या जागेत शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ३२ लेव्हल बसवल्या. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं काम पहिल्या काही सेकंदांतलं वाटतं.

मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं, हे विचारावं लागत नाही. थोडं पुढे गेलं की समोरून एक रागीट चेहऱ्याचा प्राणी चालत येतो. तुम्ही काहीच केलं नाहीत तर मरता, पण आत्ताच तर सुरुवात झालीय, गमावण्यासारखं काही नसतं. पुन्हा येता आणि उडी मारता. मग डब्यातून मशरूम निघतं. आत्ताच एका चालत्या गोष्टीने मारलेलं असल्यामुळे तुम्ही बिचकणार, हे बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून ते मशरूम आधी तुमच्यापासून दूर जातं, पुढच्या हिरव्या पाइपवर आदळतं आणि उलटं तुमच्याकडे येतं. घाबरून उडी मारावी तर डोक्यावर विटा आहेत, त्यांना आपटून तुम्ही खालीच येता. बहुतेकांना ते मशरूम लागतंच. मारिओ मोठा होतो. कळलं, हे चांगलं असतं. मियामोतो यांनी ही सगळी मांडणी मुलाखतीत उलगडून सांगितली आहे, पण ती समजण्यासाठी मुलाखतीची गरज पडत नाही, हेच तिचं यश.

याचा पुरावा आपल्याकडेच होता. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा जो ‘व्हिडिओ गेम’ आपल्या गावांत आणि शहरांत पोचला, तो बहुतेकदा निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल होता. कॅसेटबरोबर माहितीपुस्तिका नाही, पडद्यावरचं इंग्रजी अर्ध्या पोरांना वाचता येत नाही, घरात विचारावं तर आईवडिलांनी जन्मात असलं काही पाहिलेलं नाही. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं पाइपमधून खाली जात होती, छतावरून धावत जाऊन गुप्त वाटा शोधत होती. क्योटोत बसून बनवणाऱ्यांच्या मनात ही पोरं असणं शक्यच नव्हतं. पण गेम अनोळखी माणसाशी सरळ वागायला शिकलेला होता, मग तो अनोळखी माणूस ओसाकाचा असो नाहीतर जालन्याचा.

मी याला वचन म्हणेन. गेम न बोलता सांगतो की इथे जे दिसतं त्याला अर्थ आहे. तू मेलास तर का मेलास ते तुला कळेल. आणि तू कुतूहलाने कुठे वर चढलास, भिंतीपलीकडे डोकावलास, तर तिथे तुझ्यासाठी काहीतरी ठेवलेलं असेल. दुसऱ्या लेव्हलच्या छतावरून पलीकडे गेलेल्याला थेट पुढच्या जगांत नेणारे पाइप मिळतात, ते याच वचनाचा भाग आहेत.

आता पुन्हा विषारी मशरूमकडे येऊ. एखाद्याला भाषा शिकवायची आणि नऊ महिन्यांनी त्याच भाषेत त्याच्याशी खोटं बोलायचं, असा हा प्रकार. पहिली प्रतिक्रिया रागाची येते. पण औरस मुलाची बाजू ऐकून घ्यायला हवी, कारण ती कच्ची नाही.

एक तर त्याने फसवून बोलावलेलं नाही. वेष्टनावरच छापलं होतं की हा गेम पट्टीच्या खेळाडूंसाठी आहे. दुसरं म्हणजे विषारी मशरूमचा रंग वेगळा आहे. पहिल्यांदा मराल, दुसऱ्यांदा नीट बघाल. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, एवढंच ते शिकवतं, आणि हा धडा काही वाईट नाही. शिवाय पहिला गेम कोळून प्यायलेल्याला पुन्हा ‘मशरूम चांगलं असतं’ हेच शिकवायचं का? दुसरीच्या वर्गात पहिलीचीच उजळणी घेणारे मास्तर पोरांचा अपमानच करत असतात.

हा गेम खरं तर विडंबनासारखा चालतो. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ वाचून हसायचं तर रविकिरण मंडळाच्या कवितेची तऱ्हा आधी कानात असावी लागते. ज्याने मूळ ऐकलं नाही, त्याला विडंबन म्हणजे नुसती विचित्र कविता. तसंच कुणी दुसरा मारिओ आधी खेळला तर त्याला विषारी मशरूममध्ये काही खटकणार नाही. त्याच्या लेखी मशरूम ही कधी तारणारी, कधी मारणारी वस्तू. चेष्टा कळायला आधी विश्वास ठेवलेला असावा लागतो. जपानी खेळाडूंनी तो ठेवला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना चेष्टा आवडलीही. सुमारे २५ लाख प्रती खपल्या. तेव्हा मशरूमचा गुन्हा मी माफ करून टाकतो.

पण पुढचं माफ करवत नाही. त्या गेममध्ये असेही गुप्त पाइप आहेत, जे तुम्हाला मागे नेतात. धडपडत तिसऱ्या जगात पोचावं, पहिल्या गेमने लावलेल्या सवयीने कोपरे धुंडाळावेत, गुप्त खोली सापडावी, आणि तिथला पाइप थेट पहिल्या जगात सोडणारा निघावा. दरीवरून उडी मारताना हवेत न दिसणारी वीट डोक्याला लागावी आणि सरळ खाली पडावं, अशाही जागा आहेत. इथे नीट बघूनही काही उपयोग नाही, बघण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. विषारी मशरूम आंधळ्या सवयीला मारतं. मागे नेणारा पाइप कुतूहलाला मारतो, आणि कुतूहल हा तर पहिल्या गेमने अंगी बाणवलेला गुण. तुमच्या दुर्गुणाबद्दल शिक्षा करणारा कडक म्हणता येईल. मी शिकवलेल्या गुणाबद्दल मीच तुला शिक्षा करतो, याला मला मराठीत कपटाशिवाय दुसरा शब्द सुचत नाही.

हा खोडसाळपणा आला कुठून, याचं एक साधं उत्तर आहे. त्याच वर्षी मारिओची एक आवृत्ती आर्केडसाठी निघाली, नाणं टाकून खेळायची, मुद्दाम अवघड केलेली. तिच्यातल्या काही लेव्हल या सिक्वेलमध्येही आहेत. आर्केडच्या यंत्राला तुम्ही लवकर मरायला हवे असता, कारण मेलात की पुढचं नाणं येतं. घरी बसून खेळणाऱ्याने तर पैसे आधीच मोजलेले. त्याला लवकर मारून कुणाचंच भलं होत नाही. आज मोबाइलवर ‘आणखी एक जीव हवा असेल तर जाहिरात बघा’ म्हणणारे गेम तुम्ही रोज बघता, तेव्हा अवघडपणामागचा हेतू ओळखायला तुम्हाला वेगळं शिकवायला नको.

आता दत्तक.

निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या कचेरीत नवे गेम खेळून पारखायचं काम हॉवर्ड फिलिप्स यांच्याकडे होतं. त्यांना हा जपानी दुसरा भाग अन्यायकारक वाटला. खेळताना मजा येण्याऐवजी मनस्तापच व्हायचा. नुसता वैयक्तिक कंटाळा म्हणून हे बाजूला सारता येत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, आणि त्याच्या कारणांत रद्दी गेमचा सुळसुळाट हे एक मोठं कारण होतं. पैसे देऊन फसवले गेलेले आईबाप पुन्हा दुकानात यायला तयार नव्हते. निन्टेन्डोने तिथे जे उभं केलं, ते विश्वासावर उभं होतं. त्यामुळे हा भाग अमेरिकेत आलाच नाही.

पण अमेरिकेला ‘मारिओ २’ तर हवा होता. मग वडाची साल पिंपळाला लावली. जुलै १९८७ मध्ये जपानमध्ये ‘युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’ नावाचा गेम आला होता. फुजी टेलिव्हिजनच्या ‘युमे कोजो ८७’ नावाच्या महोत्सवासाठी तो बनवला होता, आणि त्यातली पात्रं त्या महोत्सवाची. इमाजिन, लीना, मामा आणि पापा हे कुटुंब एका गोष्टीच्या पुस्तकात शिरून तिथे ओढल्या गेलेल्या जुळ्या मुलांना सोडवायला जातं. यात शत्रूच्या डोक्यावर उडी मारून तो मरत नाही. तुम्ही त्याच्यावर उभे राहता, त्याला उचलता आणि दुसऱ्यावर फेकता. जमिनीतून मुळे-सलगम उपटून फेकता. निन्टेन्डोने या चौघांच्या जागी मारिओ, प्रिन्सेस, लुइजी आणि टोड यांना बसवलं, धावण्याचं बटण जोडलं, मार बसला की मारिओ लहान होतो ती खूण आणली, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला.

ही फसवणूक होती का? ज्या मुलाने खाऊचे पैसे साठवून तो घेतला, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नाव मारिओचं, चेहरा मारिओचा, देह दुसऱ्याचा. तराजूत घालायचं तर हे पारडं जड आहे. पण त्या मुलाला मिळालं काय, तेही बघावं लागेल. चार पात्रं मिळाली, चौघांच्या उड्या वेगळ्या. प्रिन्सेस हवेत तरंगते, टोड झटपट ओझं उचलतो, लुइजी पाय झाडत उंच जातो. आणि मुख्य म्हणजे गेम सरळ वागतो. पहिल्याच जागी गवत उपटून बघावंसं वाटतं, उपटलं की हातात काहीतरी येतं, फेकलं की कुणालातरी लागतं. शत्रूवर उडी मारून तो मरत नाही ही जुन्या खेळाडूची पहिली ठेच, पण त्या ठेचेने जीव जात नाही. तुम्ही त्याच्या डोक्यावर नुसते उभे राहता आणि विचार करायला वेळ मिळतो. जुनी सवय इथेही चुकीची ठरते, फक्त तिची शिक्षा होत नाही, तिच्यातून नवी युक्ती सुचते.

दत्तकाबद्दल आपल्याकडे पुष्कळ भांडणं झाली आहेत. १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केला, तो दत्तक वारस कंपनी सरकारला मान्य नाही या सबबीवर. रक्ताचा नाही तर वारस नाही, असा हिशेब. आपल्या परंपरेचा हिशेब वेगळा होता. घराचं नाव चालवणं, देणी फेडणं, पितरांचं करणं, हे जो पार पाडतो तो मुलगा. (या हिशेबातही मुलींना जागा नव्हती, हे सोडून देण्यासारखं नाही, पण तो वेगळा विषय.) गेमच्या वारसाहक्काबद्दल मी डलहौसीच्या बाजूने उभा राहणार नाही. जपानी दुसऱ्या भागात पहिल्याचं सगळं रक्त आहे: तेच इंजिन, तीच चित्रं, तोच तेझुका. पहिल्याची अनोळखी माणसाशी सरळ वागायची रीत मात्र तिथे अनेक जागी मोडलेली आहे. दत्तकाकडे रक्त जवळपास नाही. ‘जवळपास’ म्हणतो, कारण त्याचे दिग्दर्शक केन्सुके तानाबे यांनी नंतर सांगितलं आहे की डोकी डोकी पॅनिकची सुरुवातच मारिओच्या धर्तीवरच्या एका प्रयोगातून झाली होती. रीत मात्र त्याने पाळली. तोडीचा कोण, असं मला विचाराल तर मी दत्तकाचं नाव घेईन.

अर्थात वारसाने घरात काही नवं आणलं की नाही, हेही बघायला हवं, आणि इथे दोघांचीही खाती भरलेली आहेत. पहिल्या गेममध्ये लुइजी म्हणजे केवळ दुसऱ्या रंगाचा मारिओ. उंच उडणारा पण घसरणारा वेगळा लुइजी जपानी दुसऱ्या भागाने दिला. त्याला मारिओपेक्षा उंच शरीर अमेरिकी दुसऱ्या भागाने दिलं. शाय गाय, बॉब-ऑम्ब आणि बर्डो ही मंडळी इमाजिनच्या घरून आली आणि मारिओच्या घरचीच झाली. प्रिन्सेस २०१३ च्या ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’मध्येही तरंगतेच.

हा वाद जुना झालेला नाही. ४ सप्टेंबर २०२५ रोजी ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ आला तेव्हा एवढी झुंबड उडाली की ऑनलाइन दुकानं काही काळ बंद पडली, आणि दोन दिवसांत भांडण सुरू झालं: पहिल्यापेक्षा हा फारच निर्दय आहे. ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेडमधल्या छोट्याशा टीम चेरीचा हा गेम आधी पहिल्याच गेमची पुरवणी म्हणून सुरू झाला होता. पहिल्या गेममधला नाइट खाली वार करायचा तो सरळ. शत्रूच्या डोक्यावर वार करून चेंडूसारखं उसळायचं, हे हातात भिनलेलं असतं. सिल्कसाँगमधली हॉर्नेट खाली वार करते तो तिरका. पहिले काही तास हात जुन्या हिशेबाने चालतो आणि तुम्ही काट्यांत पडता. वरवर पाहता हे विषारी मशरूमच. पण फरक आहे. इथे जगाने तुमच्याशी खोटं बोललेलं नाही, तुम्हाला शरीर नवं मिळालंय, आणि ते पहिल्या उडीपासून दिसतंय. हॉर्नेट नाइट नाही, मग ती नाइटसारखी का वागेल? दुसऱ्या माणसाच्या अंगात शिरून चालायला शिकणं मला सिक्वेलचं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं. सुरुवातीचे साधे साधे शत्रूही दुप्पट इजा करतात, याचं समर्थन मात्र मला तितकं जमत नाही. टीम चेरीलाही ते पूर्ण जमलं नसावं; थोड्याच दिवसांत त्यांनी सुरुवातीच्या काही लढाया सौम्य केल्या.

त्यावर दुसरा गट चिडला. ‘आम्ही मेलो तेवढ्या वेळा तुम्हीही मरा.’ ही वृत्ती मला गेमपुरती वाटत नाही. आपण रॅगिंग सोसलं म्हणून पुढच्यांनीही सोसावं, या वाक्याची ती चुलत बहीण आहे. अवघड गोष्ट जिंकल्याचा आनंद खरा असतो, तो कुणी हिरावून घेऊ नये. पण तो आनंद दुसऱ्याच्या हालांवर अवलंबून असेल, तर गेम अवघड होता म्हणून तो मिळाला की बाकीचे बाहेर राहिले म्हणून, हे स्वतःशी तपासायला हरकत नाही.

जपानी दुसरा भाग अमेरिकेत अखेर १९९३ मध्ये पोचला, ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या संचात. तोवर ‘२’ हा आकडा दत्तकाकडे गेलेला होता, म्हणून औरसाचं नाव बदलून ‘द लॉस्ट लेव्हल्स’ ठेवलं. त्यातल्या विषारी मशरूमवर आता कवटी काढलेली आहे. त्याच्या आदल्या वर्षी दत्तकही माहेरी जाऊन आला: जपानमध्ये तो १९९२ मध्ये ‘सुपर मारिओ यूएसए’ नावाने निघाला, म्हणजे जिथे इमाजिनचं कुटुंब जन्मलं, तिथेही आता तो गेम मारिओचाच झाला.

मी दत्तकाला कौल दिला खरा, पण त्याच्या घरी जायला मला अजून संकोच वाटतो, तो या कुटुंबामुळे. त्यांच्याशी कुणी सरळ वागलं का? त्यांचा गेम चांगला होता म्हणूनच तो घेतला गेला, आणि घेताना त्यांनाच तेवढं बाहेर काढलं. पात्रांना हक्क नसतात, हे मलाही कळतं. पण ती कुणीतरी काढलेली होती, कुणीतरी त्यांच्यासाठी गोष्ट लिहिली होती. मूळ गेममध्ये खरा शेवट बघायचा तर चौघांनाही घेऊन वेगवेगळं शेवटापर्यंत जावं लागायचं, आई आणि बाबांसकट. एकट्याने पोरं सुटायची नाहीत. मारिओच्या आवृत्तीत ही अट काढून टाकली आहे. कुणालाही घेऊन जा, जिंकाल, आणि शेवटी दिसेल की मारिओ अंथरुणात झोपलेला आहे, हे सगळं त्याचं स्वप्न होतं. पुस्तकात अडकलेली ती जुळी मुलं त्या स्वप्नात कुठेच नाहीत.